या घरात किती माणसं राहतात?

मी एक प्रश्न आहे. साधाच आहे, कुणीही विचारावा असा. तुमच्याही दारात कधीतरी कोणी उभं राहिलं असेल, हातात पुठ्ठ्याला चिमटा लावलेले कागद, आणि मान वर न करता त्यानं मला तुमच्या अंगावर टाकलं असेल. तुम्ही आकडा सांगितलात, त्यानं लिहून घेतला. सुटलो बुवा, असं दोघांनाही वाटलं.

पण मला विचारणं आणि तुम्ही उत्तर देणं यांच्यामध्ये शांततेची एक बारीक फट असते. मी तिथे राहतो. कागदावरचा मी म्हणजे नुसता माझा फोटो समजा. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, ती पोटात ठेवून मला पुढचं बोलता येणार नाही. त्या फटीत मी एकटा नसतो.

माझा जन्म एका संशोधन संस्थेच्या बैठकीच्या खोलीत झाला. काम घाईचं होतं. शहरापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी एक खाण होती. तिच्यात पाणी शिरलं, माणसं आतच राहिली, आणि खाण बंद झाली. त्यालाही कित्येक वर्षं उलटली होती. आता खाणीच्या डोक्यावर वसलेली कामगारांची वस्ती खचू लागली होती. सगळ्यांना नव्या इमारतींत हलवायचं होतं. कोणाला केवढं घर द्यायचं हे ठरवायला पाहणी हवी, आणि पाहणीला प्रश्न हवेत. विभागप्रमुखांना सगळे सर म्हणत. त्यांनी खिडकीबाहेर बघत मला जन्म दिला:

"कुटुंबाची एकूण सदस्यसंख्या?"

असा होतो मी. इस्त्री केलेला, ताठ, आणि कोणाच्याही ओळखीचा नसलेला.

संस्थेत एक मुलगी होती. प्रश्नावली छापून हजारो दारांत जाण्याआधी ती थोड्या माणसांवर करून बघायची, हे तिचं काम. बाकीचे उत्तर घेऊन निघून जातात, हिला उत्तरापर्यंतची वाट बघायची असे. "चार म्हणालात? छान. आता थांबा. ते चार मनात कसे आले, मोठ्यानं सांगा. आधी कोण आलं? कुठे अडलात?" म्हणून तिचं नाव थांबाताई पडलं होतं. टायपिंग करणारा ऑपरेटर तिला छळायचा. "हिच्या लग्नात नवरा 'हो' म्हणाला ना, तरी ही विचारेल, थांबा, 'हो' म्हणजे तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?"

"विचारेनच," ती म्हणायची. "तुझ्यासारखा असला तर दोनदा विचारेन."

तिनं मला पहिल्यांदा खालच्या झेरॉक्सवाल्यावर करून बघितलं. तो बिचारा घामाघूम झाला. "कुटुंब म्हणजे कोणतं धरू? भाऊ धरू का? आमच्याशी बोलत नाही तो, पण कुटुंब तर आहेच ना? आणि सासूबाई? त्या येतात पाहुण्या म्हणून, पण जात नाहीत."

ती खूप हसली. मग वर येऊन तिनं मला उभा फाडला. कुटुंब काढलं, सदस्यसंख्या काढली. दुखलं, खोटं कशाला बोलू. पण शेवटी उरलो तो असा: "या घरात किती माणसं राहतात?" अंगावरचा कोट उतरवून अनवाणी रस्त्यावर यावं तसं वाटलं मला. आता मी कोणाच्याही घरात जाऊ शकत होतो. मला वाटलं, झालो मी पूर्ण.

मग आम्ही वस्तीत गेलो.

रस्ता एका बाजूला कलला होता, आणि तिथली माणसं न कळत एक खांदा वर धरून चालत होती. दारं चौकटीत अडकू नयेत म्हणून तासून तासून तिरकी केलेली. ओसरीवरच्या बादलीतलं पाणी एका काठाशी जास्त, दुसऱ्याशी कमी. आम्ही पहिल्या दाराशी पोचलो तोच खाणीचा भोंगा वाजला. बंद खाणीचा भोंगा. तो वाजवू नको असं पहारेकऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून पाळी सुटायच्या वेळी तो रोज वाजवत होता. आवाजासरशी त्या अख्ख्या ओळीतली दारं उघडली. दारांत माणसं उभी राहिली. रस्त्यावरून कोणीच आलं नाही. थोड्या वेळानं दारं परत लागली, एकामागून एक, हळू, कोणीतरी आत येऊन गेल्यावर लावावीत तशी.

थांबाताईनं ओढणी अंगाभोवती घट्ट गुंडाळली. मग मला विचारत ती दारोदार फिरली.

प्रत्येक घरात उत्तर एकानं जास्त येत होतं. समोर तिघं बसलेली, आकडा चार. समोर एकटी बाई, आकडा दोन. आणि उंबऱ्याशी चपलांचा एक जोड जास्त, धूळ पुसलेला. मला तर आधीच कळलं होतं. विचारून झाल्यावरच्या त्या फटीत मी बसलो की शेजारी कोणीतरी येऊन टेकत होतं. दिसत नव्हतं. पण बाकावर दुसरं माणूस बसलं की बाक जरासा दबतो ना, तेवढं जाणवत होतं.

ओळीच्या टोकाला मुकादमांचं घर. मुकादम म्हणजे खाणीतून निवृत्त झालेला म्हातारा. घरात तो आणि त्याची सून. ती यंत्रावर शाळेचे गणवेश शिवायची. खोलीच्या मधोमध फरशीला तडा गेला होता, आणि यंत्र सरकू नये म्हणून तिनं त्याच्या पायांखाली जुनी पाठ्यपुस्तकं घातली होती.

"वहिनी, या घरात किती माणसं राहतात?"

"दोन," सून म्हणाली.

"तीन," म्हातारा म्हणाला.

"बाबा, त्या ताई सरकारी कामाला आल्यात. दोन म्हणा."

"सरकारी कामाला आल्यात म्हणूनच तीन. घरातल्या घरात तू मला दोन म्हणतेसच की रोज."

"ऐकलंत ताई? रोज हेच."

थांबाताईनं पेन खाली ठेवलं. "थांबा, काका. तीन म्हणताना तुम्ही कोणाकोणाला मोजलंत, तेवढं मोठ्यानं सांगा."

"मी. ही. आणि माझा मुलगा, म्हणजे हिचा नवरा. तो पाळीवर आहे."

म्हातारा वेडा नव्हता. त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. खाणीत उतरताना प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला फाटकावरच्या फळीला अडकवायचा, आणि वर आल्यावर आपल्याच हातानं काढायचा. बिल्ला लटकतोय तोवर माणूस आत आहे, कामावर आहे. दुसऱ्या कोणी कोणाच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, अगदी साहेबानंही नाही. त्या नियमानं पिढ्यान्‌पिढ्या माणसं मोजली गेली. आणि पाणी शिरलं त्या दिवसाचे बिल्ले अजून फळीवर होते. काढायला कोणी वर आलंच नव्हतं.

"आता पोरी, बिल्ला फळीवर असताना मी त्याला वजा कसा करू? तूच सांग."

तिनं पेन उचललं आणि तसंच परत ठेवलं. आणि त्या शांततेत खालून आवाज आला.

टक्. टक्.

फरशीच्या खालून. लांबून, पण स्पष्ट.

"जमीन खचतेय," सून घाईनं म्हणाली आणि तिनं यंत्राचं चाक फिरवलं. सुई रिकामीच खालीवर झाली, कापड नव्हतंच.

"जमीन खचली तर कुरकुरते. असं ठोकत नाही," म्हातारा म्हणाला. "खाली गेल्यावर पहिलं काम काय? दांड्यानं छत ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर खुशाल उभं राहा. बद्द वाजलं तर हातातलं टाकून बाहेर. मीच शिकवलंय त्याला. आपली जमीन म्हणजे त्याचं छत, कळलं का? तपासतोय तो."

थांबाताई परतीच्या वाटेवर एकदाही मागे वळली नाही. मला विचाराल तर, घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिचे कागद चाळले आणि हसले. "प्रत्येक घरात एक माणूस जास्त. खोली मोठी मिळावी म्हणून. काही हरकत नाही, आपला नियम आहेच. पडताळणीचं पथक जाईल, डोकी मोजेल. सांगितलेला आकडा आणि दिसलेली डोकी जुळली नाहीत, की कुटुंब अपात्र."

"सर, ती माणसं खोटं बोलत नाहीयेत. आपला प्रश्न त्यांच्या घरात बद्द वाजतोय."

"काय वाजतोय?"

तिनं मुकादमांचं घर सांगितलं. तीन लिहिलं तर ते दोघं खोटारडे ठरून यादीतून जाणार. दोन लिहिलं तर म्हातारा हलणार नाही. ती निघताना त्यानं तिला बजावलं होतं, पोराला मेलेला ठरवून मिळणारी खोली मला नको. त्याला सोडून सून जाणार नाही. आणि घराखालची जमीन तर दोघांचीही वाट बघत नाहीये.

"एका ओळीसाठी माणसं गाडली जातील, सर! आपल्या एका ओळीसाठी!"

"आवाज खाली," सर म्हणाले. पण ते वाईट नव्हते, थकलेले होते. "अगं, जमीन तुझ्या चाचणीसाठी थांबणार आहे का? जितका उशीर तितका धोका. उद्या संध्याकाळी छपाईला जातंय. तोवर काय ठोकायचं ते ठोक."

त्याच दुपारी तिनं मला पुन्हा बदललं आणि वस्तीत नेलं. ज्या प्रश्नात पाळीवरचा माणूस आपोआप गळून पडेल असा प्रश्न तिला हवा होता. हुशारी केली तिनं: "काल या घरात कोण कोण मुक्कामाला होतं?"

सुनेनं "आम्ही दोघंच" म्हटलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

"काल? काल आला होता की तो."

"बाबा!"

"तुला झोप लागली होती. चपला बघ, पुसल्यात. मी पुसत नाही, मला वाकता येत नाही. तू पुसतेस?"

सून पांढरी पडली. तिनं मान हलवली, पण ती हो होती की नाही, मलासुद्धा कळलं नाही. आणि मी फटीत होतो, अगदी तिच्या ओठांपाशी. माझ्या शेजारचा बाक दबला. खालून दोनदा ठोकलं गेलं, आधीपेक्षा जवळून. तडा किंचित रुंद झाला आणि त्यातून ओल्या कोळशाचा वास वर आला.

थांबाताई बाहेर येऊन पायरीवर बसली आणि रडली. मला वाटलं, आता हिनं मला सोडलं. पुष्कळ प्रश्नांचं असंच होतं, ते अर्धवट टाकून दिले जातात आणि तसेच छापले जातात. पण तिनं नाक पुसलं आणि माझ्याकडे बघितलं, म्हणजे कागदाकडे. ओठ हलवून मला ती वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणत राहिली. माझं काय चुकत होतं ते तिला तिथे उमगलं. मी एकाच श्वासात दोन गोष्टी मागत होतो. घरात कोण आहे, आणि घराचं कोण आहे. एका आकड्यात दोन्ही मावणार कशा?

छपाईच्या दिवशी ती सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. "मला एक ओळ वाढवून हवी."

"कशासाठी?"

"जे घरचे आहेत पण घरात नाहीत, त्यांच्यासाठी."

"नसलेल्या माणसांना खोल्या द्यायच्या?"

"त्यांना खोली नकोय सर. रकाना हवाय."

"पान भरलंय," ऑपरेटर हळूच म्हणाला. मग स्क्रीनकडे बघत आणखी हळू, "म्हणजे, तळाशी एक ओळ मावेल. ओढूनताणून."

सरांनी डोळे चोळले. "हे बघ, प्रश्न सरळ आहे. कुठल्याही शहाण्या माणसाला—"

"सर, तुमच्या घरात किती माणसं राहतात?"

"चार," सर फटकन म्हणाले.

"थांबा. मोठ्यानं मोजा."

"हा काय पोरखेळ आहे?" पण त्यांनी मोजलं. प्रत्येक माणसाला टेबलावर बोट टेकवत. "मी. ही. थोरली. आणि—"

बोट वरच राहिलं.

मी त्या फटीत होतो. खोलीतला पंखा फिरत होता आणि ऑपरेटर श्वास रोखून कळफलकाकडे बघत होता. सरांचा धाकटा घर सोडून गेल्याला किती काळ झाला, ते संस्थेत सगळ्यांना माहीत होतं. कोणी विषय काढत नसे. टेबलावरच्या काचेवर सरांचं बोट टेकलं नव्हतं. तरी काचेवर टक् वाजलं. मी ऐकलं. सरांनीही ऐकलं असावं, कारण त्यांनी हात पटकन मांडीवर घेतला.

"ओढूनताणून बसव," ते ऑपरेटरला म्हणाले. "आणि पडताळणीला डोकी मोजताना फक्त पहिला आकडा धरायचा, असं खाली टाक. त्या दुसऱ्यावरून कोणाला अपात्र करायचं नाही."

छापण्याआधी तिला मला एकदा करून बघायचंच होतं. ऑपरेटर स्वतः तिला स्कूटरवरून वस्तीत सोडायला आला. वाटेत त्यानं एकही विनोद केला नाही.

आता मी दोन होतो, जुळ्या भावंडांसारखा. तिनं आधी पहिला विचारला. "आज या घरात किती माणसं राहतात?"

"दोन," सून म्हणाली. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

"आणि या घरातलं कोणी अजून घरी यायचं आहे का?"

अशी शांतता मी कधीच अनुभवली नव्हती. म्हातारा वळला. पण तो बोलला नाही, तो सुनेकडे बघत राहिला. ती फरशीकडे बघत होती. खालून ठोकलं गेलं. एकदा, दोनदा, आणि मग थांबून आणखी एकदा, जसं कोणी ऐकलं का म्हणून विचारावं.

"हो," सून म्हणाली. "एक जण यायचाय. माझा नवरा."

इतकी वर्षं जे ती तोंडातून निघू देत नव्हती ते निघालं, आणि पाठोपाठ सगळंच निघालं. "चपला मीच पुसते, बाबा. अंधारात, उठून. मलाही ऐकू येतं. पहिल्यापासून येतं." तिनं वाकून तळवा फरशीवर ठेवला. "तुम्ही नीट ऐका आता. कसा येतोय आवाज? खणखणीत?"

म्हाताऱ्यानं कान दिला. खूप वेळ. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"बद्द," तो म्हणाला.

"बद्द आला तर काय करायचं? काय शिकवलंत त्याला?"

"हातातलं टाकायचं. बाहेर पडायचं."

"मग तो इतके दिवस तेच सांगतोय ना आपल्याला."

थांबाताईनं रकान्यात नाव लिहिलं. ते नाव मी सांगणार नाही, ते माझं नाही. म्हाताऱ्यानं ते वाचून दाखवायला लावलं, दोनदा. मग काठी उचलून त्यानं फरशीवर ठोकली, वरून खाली. "ऐकलं रे," तो म्हणाला. "निघतो आम्ही."

ते निघाले. सगळी ओळ निघाली, कारण प्रत्येक घरात ती तळाची ओळ भरली गेली. शिवणयंत्र टेम्पोत चढवल्यावर सून परत आत गेली आणि चपलांचा जोड घेऊन आली. थोड्याच दिवसांत घरांची ती ओळ एका रात्रीत खाली बसली, फाटक आणि बिल्ल्यांची फळी यांच्यासकट. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. भोंगा त्यानंतर वाजला नाही म्हणतात. म्हणतात.

आता मी पुष्कळ प्रतींत छापला गेलोय. वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या हातांत. बहुतेक जण मला घाईनं वाचतात, आणि तळाची ओळ तर सर्रास गाळतात. उत्तर यायच्या आधीच पान उलटलं जातं. तेव्हा मी फटीत चिरडला जातो, आणि माझ्याशेजारी जे कोणी येऊन टेकलेलं असतं तेही. मला त्याचा राग येतो. फार येतो. एवढी कसली घाई असते तुम्हाला, की समोरच्याला आपली माणसं मोजायला सवड देत नाही?

पण एक भेट सांगून थांबतो. नंतरच्या फेरपाहणीसाठी थांबाताई नव्या इमारतीत गेली, मुकादमांच्या घरी. पाचवा मजला. भिंती सरळ, बादलीतलं पाणी सपाट, उंबऱ्याशी चपलांचे तीन जोड. तिनं दोन्ही ओळी विचारल्या. सुनेनं दोन्हींची उत्तरं दिली, न अडखळता. मग तिघंही गप्प बसली. कोणी ठरवलं नव्हतं, पण थांबली.

खालच्या घराला कुलूप होतं. तिथे अजून कोणी राहायला आलं नव्हतं.

टक्. टक्.

म्हातारा काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होता. सुनेनं यंत्राचं चाक हातानं धरून ठेवलं होतं. थांबाताई दाराकडे बघत होती, पण उठली नाही.

"खणखणीत आहे," म्हातारा म्हणाला, आणि उठून दाराची कडी काढायला गेला.